शून्याचं कारण

दुर्गापुरा, शनिवार, दुपार

प्रिय उत्कर्षा,

फोनवर सांगायला गेलं की तू "आजी, मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करते" म्हणतेस, आणि तुझी पाच मिनिटं तिसऱ्या दिवशी संपतात. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई आहे मी, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, तोंड वाकडं करू नकोस. तुझं मराठी वाचणं माझ्या लिहिण्याइतकंच अडखळत चालतं, म्हणजे दोघी बरोबरीत सुटू. शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली हे पाकीट ठेवून तुझ्या बापाच्या हाती तुझ्याकडे जगतपुऱ्याला पाठवते आहे. सतीशने मध्येच उघडू नये म्हणून कणीक लावून चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर आधी मला कळव.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. तू हसत हसत सांगितलंस, त्या परीक्षेत अकरापैकी दहा पास, एकच नापास, ती बगरूची कस्तुरी, आणि ती गेली माझ्या शून्यामुळे. "आजी, तू तर आमच्या सरांपेक्षा कडक निघालीस." सोमवारी यादी हॉस्पिटलवाल्यांकडे जाणार, आणि ती पोर अजून नोकरीत पक्की नाही म्हणून तिला घरी बसवणार, हेही तू त्याच दमात सांगून टाकलंस, भाजी महाग झाल्यासारखं. तेव्हापासून मी गॅलरीत जाते, परत येते. कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले, वरणाचा पार गाळ झाला. तुझी आई लता म्हणते, आई, बीपी बघून घ्या. बीपीला काय धाड भरली आहे!

तुझ्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही. दोन महिने तू इथेच राहत होतीस तेव्हा सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्यास, पहिला आठवडा, दुसरा आठवडा, असे बारा. मी मिरच्या कुटत होते आणि तू सांगत होतीस, की एका मोठ्या हॉस्पिटलने तुमच्या कंपनीला काम दिलंय. त्यांच्याकडे जी माणसं पेशंटच्या नातेवाईकांशी आणि पेपरवाल्यांशी बोलतात, त्यांना बोलायला शिकवायचं. मी म्हटलं, काहून, मुकी आहेत का? तू म्हणालीस, आजी, याला जनसंपर्क म्हणतात, हे शास्त्र आहे. असेल बाप्पा. पेपरला बातमी कशी द्यावी, कॅमेरेवाले दारात आले तर कुठे उभं राहावं, कोणी मोबाईलवर शिव्या लिहिल्या तर किती वेळात उत्तर द्यावं, सगळं तू नीट बसवलंस. आठव्या आठवड्याची चिठ्ठी तर फोडणीच्या तेलाने माखली होती, तीच नेमकी "संतप्त नातेवाईक" अशी होती. तेव्हाही मला ती चिठ्ठी आवडली नव्हती.

मग परीक्षा. साठ मार्क लेखी, तीस तुमच्या सरांचे, आणि दहा तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचे. हे शेवटचे दहा तू स्वतःच्या डोक्याने घातलेस, म्हणालीस की समोरच्याला काय वाटलं हे कोणीच विचारत नाही. शाबास, हे चांगलं केलंस. नाटकवाली बाई ऐन वेळी आली नाही, म्हणून तू मला गाडीत घातलंस. "आजी, तुला फक्त भांडायचंय." फक्त! कागद दिलास, त्यावर लिहिलेलं: मेलेला माणूस रामलाल, ऑपरेशन साधं होतं, चूक हॉस्पिटलची, तुम्ही त्याची बायको. प्रत्येकाला सात मिनिटं. तू शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत होतीस, तुझे दोन सर माझ्या पाठीमागे वही घेऊन.

अकरा वेळा मी नवऱ्याला मारलं त्या दिवशी. पहिल्या दोन-तीन जणांना मजा आली मला, खोटं काहून सांगू. एकाला असं झापलं की तो स्वतःचंच नाव विसरला. एक मुलगी मला धीर देता देता स्वतःच रडायला लागली, तिला मीच पदर दिला. मग सातवा आला तो रणजीतसिंह. उंच, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. गुडघे टेकून माझ्या खुर्चीशी बसला, दोन्ही हात जोडले, "माताजी, आप मेरी माँ जैसी हैं." पाणी मागवलं, चहा मागवला, माझ्या पाठीवरची शाल नीट केली. म्हणाला, डॉक्टरांनी सगळं केलं, पुढे देवाची मर्जी. बोलता बोलता मला दाराबाहेर कधी नेलं ते मला कळलंसुद्धा नाही, आणि सही करायच्या कागदावर माझा हात होता. मी त्याला दहापैकी दहा दिले. दहा दिले किंवा शून्य दिलं तर कारण लिहायचं, असा तुझा नियम. मी लिहिलं, गोड बोलतो.

दहावी ही कस्तुरी. हिच्या बापाचं बगरूला कापडछपाईचं काम आहे, हे तूच मागे सांगितलं होतंस. नखांच्या कडा निळ्या होत्या तिच्या, घासून न जाणाऱ्या. आत आली ती नमस्कार विसरली. पाणी विसरली. खुर्ची ओढली तर तिचा आवाज असा झाला की सरांनी कान झाकले. मी माझं रडगाणं सुरू केलं, आणि तिने मध्येच थांबवून विचारलं, "उनका नाम क्या था?" 

त्या आधी नऊ जण येऊन गेले, उत्कर्षा. एकानेही विचारलं नव्हतं. रामलाल हे नाव कागदावरच राहिलं होतं, कोणाला त्याची गरजच पडली नाही. आणि माझ्या तोंडून रामलाल निघालंच नाही. निघालं गुलाबराव. तिने वहीत लिहिलं. विचारलं, पूरा नाम? कौनसे पलंग पर थे? सुबह आपसे क्या बात की थी? मी सगळं खरं खरं सांगत गेले. खिडकीजवळचा पलंग. सकाळी म्हणाले होते, सतीशला शाळेत पोचवून मग ये, घाई नको. तिने लिहिलेलं मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. मग म्हणाली, काय झालं ते मला आत्ता ठाऊक नाही. मी शोधून पाच वाजेपर्यंत स्वतः तुमच्याकडे येते. आमची चूक असेल तर तसं सांगेन. तुझ्या पुस्तकात चूक हा शब्द तोंडातून काढायचाच नाही असं आहे, म्हणून तुझ्या सरांनी तिथेच मार्क कापले. आणि मी? मी फॉर्म ओढला आणि शून्य घातलं, पेन असं दाबून की खालच्या कागदावरही उमटलं. कारणात लिहिलं, मुलगी उद्धट आहे.

तू शेजारच्या खोलीतून धावत आलीस, टाळ्या वाजवत. "आजी, काय ॲक्टिंग! आणि आजोबांचं नाव घातलंस, काय टच दिलास!" मी म्हटलं, अकरावा झाला की मला घरी सोड.

आता ऐक. आणि हे वाचताना उभी असशील तर बस. तुझे आजोबा हृदय बंद पडून गेले असं मी सतीशला सांगितलं, त्याने तुला सांगितलं, फोटोला हार घालताना तुम्ही सगळे तेच म्हणता. ते नऊ वर्षांच्या पोराला सांगायचं होतं म्हणून सांगितलेलं आहे. अकोल्याहून रेल्वेच्या बदलीवर आम्ही इथे आलो त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांना पोटात अल्सर होता. रेल्वेच्या दवाखान्यात तारीख लांबची मिळाली, दुखणं थांबेना, म्हणून गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तो आता नाही, त्या जागी गाड्या विकतात. ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी रक्त चढवलं आणि अर्ध्या तासात त्यांना थंडी भरली, कंबर धरून ओरडायला लागले, सकाळपर्यंत संपलं. सकाळी एक माणूस आला, सफारी घातलेला, अत्तराचा वास. मला बहनजी म्हणाला. चहा दिला. चार बायकांत मला खुर्ची दिली. मी परक्या गावची, हिंदी धड येत नाही, तीन वर्षांत या शहरात कोणी मला अहो-जाहो केलं नव्हतं. देवाची मर्जी, म्हणाला. इंग्रजी कागद पुढे केला. मी सही केली. आणि उत्कर्षा, मी त्या माणसाला हात जोडून धन्यवाद म्हटलं. त्याने माझ्या नवऱ्याचं नाव एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सामान आणायला गेले तेव्हा झाडूवाल्या बाईने मागच्या अंगणात ओढून सांगितलं, त्याच वॉर्डात कोणी गुलाबचंद होता, त्याची रक्ताची बाटली तुमच्या माणसाला लावली. कोणी पलंगाशी उभं राहून नाव विचारलं असतं तर ते वाचले असते. मी घरी आले. सही तर केली होती. तोंड कोणाला दाखवणार? पुढे त्यांच्या जागी रेल्वेत शिपायाची नोकरी लागली, पोर वाढवलं, गप्प राहिले. गप्प राहणं हेही कामच असतं, पण त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

तर त्या पोरीने मला जिथे पकडायला नको होतं तिथे पकडलं. रणजीतसिंहाने मला पुन्हा तसंच गुंडाळलं आणि मी त्याला दहा दिले, म्हणजे इतक्या वर्षांत मी काहीच शिकले नाही. त्याचे मार्क कापू नकोस, त्याने तू शिकवलं तेच केलं. आठव्या आठवड्याची ती तेलकट चिठ्ठी मात्र काढ. तिच्या जागी एकच ओळ लाव, आधी नाव विचारा आणि लिहून घ्या. बाकी काय बोलायचं ते त्यानंतर सुचेल. कस्तुरीचे छप्पन्न आहेत, पासाला साठ लागतात. मी तिला नऊ देते. एक नमस्कार न केल्याचा कापला आहे, तो कापलेलाच राहू दे. तुझ्या नियमाप्रमाणे मार्क बदलायचे तर तक्रारदाराने लेखी कारण द्यावं लागतं, म्हणून हे सगळं लिहिलं. हे पत्र म्हणजे त्या रकान्यातलं कारण आहे. फॉर्मला टाचणी लाव आणि सोमवारी यादी जायच्या आधी सरांपुढे ठेव. त्यांना मराठी कळत नसेल तर हिंदीत वाचून दाखव, पण "धन्यवाद म्हटलं" ते गाळू नकोस. सतीशला मी आज रात्री जेवताना सांगणार आहे. तो चिडेल, ताटावरून उठेल. म्हणून चटणी, आणि तिच्याखालचं हे पत्र, त्याच्या हाती तुझ्याकडे आधीच पाठवलं.

तुझीच, दहाव्या फॉर्मची तक्रारदार,
सुलोचना गुलाबराव
(आजी)