मगरीची गोष्ट माझी होती

सूनबाई,

मी ठमीच्या शाळेत गेलेय, एकटी. घाबरू नकोस, चौथ्या स्टॉपला उतरायचं, एवढं जमतं मला. चावी समोरच्या नर्सबाईंकडे ठेवलीय.

काल तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं ना, मुलगी वर्गात खोटं बोलते म्हणून? आजी मगरीवर बसून शाळेत जायची, असं तिने शपथेवर सांगितलं आणि पोरं फिदीफिदी हसली. तू विचारलंस, "हे तुला कुणी शिकवलं?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं. तुझी बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही. आणि मी मेली खाली मान घालून मटार सोलत बसले.

इथे येऊन तिला जेमतेम दोन मैत्रिणी झाल्या होत्या गं. त्याही माझ्या मगरीने खाल्ल्या.

"खोटं मी बोलले" हे इथल्या भाषेत कसं म्हणतात, ते सकाळी तिच्याकडूनच पाठ करून घेतलंय. सगळ्या वर्गासमोर म्हणणार आहे.

ठमीला घेऊनच येते. मला काय ओरडायचं ते ओरड, पण आधी तिला जवळ घे.

आणि आता खरं सांगते, आमच्या गावाला नदीच नव्हती.

आई