पूर्वेच्या पायऱ्यांचा कठडा

४ फेब्रुवारी १९३४

कमिटीनं माझंच चित्र पसंत केलं! तळ्याभोवतीच्या कठड्याला ओतीव लोखंडाचे भाले येणार होते, आता हातानं घडवलेला गोकर्णीचा वेल येणार. "मी अध्यक्ष आहे म्हणून नव्हे हं, आई," असं बबन दोनदा म्हणाला. म्हणजे थोडं म्हणूनच असावं.

सिस्टर अगाथांची फार आठवण आली. कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात बसवून त्या आम्हाला कठड्याची नक्षी काढायला लावत. त्यांचं ते मराठी — "हा वेल मेला आहे. त्याला पुन्हा काढ." चाळीस वर्षांनी पुन्हा काढला, सिस्टर.

११ फेब्रुवारी

उदयसिंग लोहारानं चिंचेखाली पाल ठोकलं. फिरस्ती माणसं, केनवडच्या बाजारातून आली. तो सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवतो, आणि बायको जमनाबाई घण मारते. त्यांच्यात असंच चालतं. मी चित्र दाखवलं.

"बाई, हे पान कायचं?"

"गोकर्णीचं."

"मले तं कानच दिसून राह्यले," जमनाबाई म्हणाली.

१३ फेब्रुवारी

रंगूबाई गोवऱ्या घेऊन आली. ओसरीवर चित्र पसरलं होतं. उभ्यानंच बघत राहिली.

"बाई, पूर्वेकडं दार कुठी हाय?"

मी म्हटलं, तिकडे पायऱ्याच नाहीत.

"पायऱ्या नाईत? मंग आमी पान्याले उडत जातो का?"

रंगूबाईची वस्ती गावकुसाबाहेर. त्या बायकांना तळ्याची तेवढीच एक बाजू मोकळी आहे. ओव्हरसियरच्या नकाशात तिथं पायऱ्या काढलेल्याच नव्हत्या, आणि मी नकाशावरून वेल काढत बसले! तळं घरापासून हाकेवर. लग्न होऊन आल्यापासून पश्चिमेच्या घाटावर जाते. पूर्वेला कधी पाऊल टाकलं नाही. आमच्यातलं कुणीच टाकत नाही.

आज गेले. पायऱ्या आहेत. मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत.

१४ फेब्रुवारी

जेवताना बबनला म्हटलं, नकाशात चूक आहे.

"चूक नाही, आई. तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"कमिटीनं. मी एकटा आडवा आलो तर माझी खुर्ची जाईल, आणि कठडा व्हायचा तो होईलच."

"आणि त्यांनी पाणी कुठून आणायचं?"

"विहीर खणून देऊ म्हणतात."

"कधी?"

बबन उठला. अर्धी भाकरी ताटात तशीच. ताट पुसून खायची सवय याला मीच लावली होती.

१५ फेब्रुवारी

चित्र परत घ्यावं? मग भाले येतील. ते तर कुणाला उचलताही येणार नाहीत.

— उचलता. हे लिहिलं आणि हात थांबला.

१८ फेब्रुवारी

पालावर जाऊन आले. उदयसिंगला नवं चित्र दिलं. कठड्याचे बाकी सगळे खण खांबांना ठोकून पक्के करायचे. पूर्वेच्या पायऱ्यांसमोरचा एक खण अरुंद, हलका — तो नुसता आकड्यांवर अडकवायचा. वर खिळ्यांची खोटी डोकी ठोकायची, म्हणजे पक्काच वाटेल. उचलून बाजूला ठेवला की घागर घेतलेली बाई जाईल, एवढी वाट.

उदयसिंगनं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"कमिटीनं पाह्यलं तं आमचं पाल उठवतीन, बाई."

"चित्र माझं आहे. माझं नाव सांग."

जमनाबाई घणावर टेकून उभी. "आमच्या गाडीचं फळकं असंच रायते. उचललं का आलं. तुमी आता शिकल्या का?"

"तू चूप राय," उदयसिंग म्हणाला. पण कामाला लागला.

५ मार्च

वेल उभा राहतो आहे. बबनशी बोलणं फक्त मीठ, औषध आणि गाईचं. त्याला कळलं तर? सगळ्या कमिटीसमोर आईनं फसवलं म्हणेल. खरंच आहे ते. रंगूबाईला अजून सांगितलं नाही. ती गोवऱ्या टाकते आणि माझ्याकडे न बघता जाते.

२१ मार्च

तपासणी. ओव्हरसियर हातोडी घेऊन एकेक सांधा वाजवत चालला होता. उत्तरेची बाजू झाली. मी छत्री धरून मागे. मग पूर्वेला वळलो.

बबन भराभर पुढे गेला आणि नेमका त्याच खणावर हात टेकून उभा राहिला.

"इथलं मी पाहिलंय. चला पुढं, ऊन झालं."

ओव्हरसियर पुढे गेला. मला मेलीला छत्रीसुद्धा मिटता येईना. देवाची कृपा म्हणू की पोराचा आळस?

२३ मार्च

पाल उठलं. चिंचेखाली राख तेवढी उरली आहे.

सकाळी रंगूबाईला पूर्वेला नेलं. दोघींनी मिळून खण उचलला. परत अडकवला. मग तिनं एकटीनं उचलून पाहिला.

"पाहाटे येऊ," म्हणाली. "दिवसा नाई."

६ एप्रिल

आज जेवताना बबन मान खाली घालून म्हणाला, "आई, पूर्वेच्या त्या आकड्यांना तेल लावायला सांग रंगूबाईला. उचलताना वाजतात. पहाटे पार घाटापर्यंत ऐकू येतं."

मग भाकरी संपवली. ताट पुसून.