जोडवी कोणाच्या हातात द्यायची

सौ. साधना,

फोन उचलायचाच न्हाई तर घेतला कशाला तू? सोमवारी चारदा लावला, म्हणून आता हा कागद. (तुम्ही सगळे बरे असाल. माझी तब्येत इचारू नको, सांगतेच.) घोट्याच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं तरी सूज उतरंना, म्हणून डॉक्टरनं एमआरआय काढायला जालन्याला धाडलं. तुझे दाजी मोसंबीची गाडी घेऊन हैद्राबादला गेल्ते. मी एकटीच गेले, काठी टेकत. तुझं घर तिथून रिक्षानं पाच मिनिटं.

तिथली मशीनवाली म्हणाली, अंगावरचं लोखंड-सोनं सगळं काढा. घोट्यात पट्टी अन् सहा स्क्रू हायेत, ते बी काढू का म्हणलं. ते राहू द्या, जोडवी अन् मंगळसूत्र सोबतच्या माणसाकडं द्या, म्हणे. आता सोबतचं माणूस कुठून आणू? ऑपरेशनच्या टायमाला जोडवी पदराच्या गाठीत बांधून तू दिवसभर बसल्तीस. आता बाकड्यावर मंठ्याच्या चतुराबाई होत्या, नवऱ्याच्या गुडघ्यासाठी आलेल्या. ओळख ना पाळख, दोन्ही त्यांच्या मुठीत दिली.

आत पाय डब्यात अडकवला. मशीन मळणीयंत्रासारखं धडधड करून राह्यलं. हातात रबरी फुगा दिला, तरास झाला तर दाबा म्हणे. मी दाबला. ती पळत आली. म्हणलं, बाहेर ती बाई बसून हाय का तेवढं बघा. दुसऱ्यांदा दाबला तवा बी तेच. (मंग तिनं जे सुनावलं ते लिहीत न्हाई.)

बाहेर आले तर चतुराबाईची मूठ तशीच बंद, पुढ्यातला चहा गार. सोबत कोणीच न्हाई का, इचारलं. माझ्या तोंडून गेलं, बहीण येऊन राह्यली. मंग काय, त्या येऊ द्या, तवर बसते म्हणल्या. नवऱ्याला बी बसवलं. तासभर आम्ही तिघं तुझी वाट बघितली. शेवटी म्हणलं, गाडी भेटली नसंल तिला. कुठून यायच्या होत्या? जुन्या जालन्यातून, म्हणलं. त्यांनी मूठ उघडली. मंगळसूत्र मी घातलं, पण मला वाकता येईना, तर जोडवी त्यांनीच माझ्या बोटात घातली.

तुझ्या अक्षताच्या लग्नात वरण पाणचट होतं, म्हणून मी पाणचट म्हणले. त्याला सहा महिने अबोला धरतात का?

तुझी मोठी बहीण,
आसरा

ता. क. एक स्क्रू ढिला झाला म्हणे. सोळा तारखेला परत कापणार हायेत. दाजी असतील, पण त्यांच्याकडं जोडवी दिली तर चुन्याच्या डबीत ठेवतील.

ता. क. मी जेवले ती शेवटची पंगत होती. आधीचं वरण बराबर असंल. येतीस का न्हाई ते शुक्रवारच्या आत कळव. फोन केला तरी चालंल, मी उचलते.