पानाची शेवटची ओळ छापली जात नाही

प्रिय भाऊजींस,

वहिनीचा सप्रेम नमस्कार, आणि वयाने थोडी का होईना मोठी आहे म्हणून आशीर्वादही. तुमची तब्येत कशी आहे? पोटाचं दुखणं पुन्हा वर आलं नसेल अशी आशा करते. इकडे आईंचे गुडघे त्या सांगतात तितके वाईट नाहीत आणि डॉक्टर सांगतात तितके बरेही नाहीत. माझं वजन चांगलं उतरलं आहे. दवाखान्यात येणाऱ्या बायका विचारतात, काय केलंत? काय सांगणार? नवरा गेला की उतरतं, असं दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसून कोणाला सांगता येत नाही. (एकीला सांगितलं. ती दात न दाखवताच घरी गेली.)

हाताने पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. पण तिकडे कम्प्युटरवर काहीही लिहिलं की त्याला नंबर पडतो आणि चार परके लोक खाली मत देतात. हे पत्र मला तसं नको आहे.

हे गेल्यावर सुरुवातीला माणसांची ये-जा होती. ती पांगली तेव्हा कळलं, की वॉशिंग मशीन आणि खिडकी यांच्या मध्ये ह्यांनी कोंबलेला तो कम्प्युटर अजून चालूच आहे आणि सारखा टुंग करतो आहे. आईंना ती दाराची बेल वाटे. गुडघे धरून उठायच्या, दार उघडायच्या, रिकामा जिना बघून परत यायच्या. मला ते बघवेना, म्हणून आवाज बंद करायला मी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्याच खुर्चीत ह्यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली होती, म्हणून माझा तिच्यावर राग होता. पण आवाज कुठे बंद करतात ते सापडेना आणि समोर जे दिसत होतं ते मी वाचू लागले.

तुम्हाला समजावायची गरज नाही, पण मला स्वतःला सांगून बघायचं आहे, कारण इतकी वर्षं मी लोकांना ‘ते कम्प्युटरचं काहीतरी करतात’ एवढंच सांगत आले. तर, आपलं साधं लिखाण घ्यायचं, त्याची ब्रेलची टिंबं करायची आणि जाड कागदावर टिंबं उठवणाऱ्या यंत्राकडे पाठवायची, असा ह्यांचा प्रोग्राम. अंधांच्या शाळा तो वापरतात. फुकट आहे, आणि आतलं सगळं उघडं आहे. कोणीही आत डोकवावं, चूक दिसली तर तक्रार लिहावी, अंगात कुवत असेल तर दुरुस्त करून पाठवावं. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. म्हणजे ठिगळ. परका माणूस ठिगळ शिवून पाठवतो आणि घरच्याने ते कपड्याला लावायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. घरचे म्हणजे हे. आणि हे गेल्यावर, कोणी विचारलं नाही तरी, मी.

मी वाचलेली पहिली तक्रार अशी होती, की महिना झाला, उत्तर नाही, झेपत नसेल तर दुकान बंद करा. मी खाली लिहिलं, “ते वारले.” लगेच उत्तर आलं. “वाचून वाईट वाटलं. मग दुरुस्ती साधारण कधीपर्यंत होईल?”

भाऊजी, मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. आई आतून विचारत होत्या, काय झालं गं, आणि मला सांगता येईना.

त्यानंतर मी रोज दवाखान्यातून आले की बसू लागले. काम ओळखीचं निघालं. काउंटरवर मी हेच तर करते. गाल सुजून आलेला आधी, दात पांढरे करून हवेत तो शेवटी, आणि आरडाओरडा करणारा बहुधा दोघांच्या मधला. आतलं काही कळत नसलं तरी माणसांना ‘तुमचं ऐकलं, बसा’ म्हणता येतं. बरेच जण तेवढ्यावर शांत होतात. दोन गृहस्थ मात्र एका बटणाच्या रंगावरून वर्षभर भांडत आहेत. एकाला हिरवं हवं, दुसऱ्याला करडं. एकमेकांचं शिक्षण काढून झालं, संस्कार काढून झाले. मी विचारलं, तुमच्यापैकी कोणाला दिसत नाही? दोघांनाही दिसतं. ज्यांना दिसत नाही त्यांना त्या बटणाचं काही नव्हतं. (त्या दोघांनी मग एकमतानं मला उद्धट ठरवलं. त्यांची एवढी एक गोष्ट मी जमवून दिली.)

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. मग एका शाळेतल्या बाईंची तक्रार वाचली. बाई स्वतः अंध आहेत, गणित शिकवतात. तक्रारीचं शीर्षक होतं, ‘पानाची शेवटची ओळ छापली जात नाही.’ परीक्षेचा पेपर ह्यांच्या प्रोग्राममधून छापला होता आणि प्रत्येक पानावरची शेवटची ओळ गळाली होती. कुठे अर्धं गणित गेलं, कुठे अख्खा प्रश्न. सगळा वर्ग नापास. मी लिहिलं, मुलांनी तिथल्या तिथे विचारलं कसं नाही? बाईंनी लिहिलं, “आमच्या मुलांना काही सापडलं नाही, तर आपलंच चुकलं असं ती समजतात. त्यांना तशी सवय आहे.”

ते वाचून मी उठले आणि उगाचच भांडी घासली. घासलेलीच होती.

फेरपरीक्षा जवळ आली होती. आणि त्याच तक्रारीखाली ‘मुंगी’ नावाच्या कोणीतरी ठिगळ पाठवून ठेवलं होतं. ही मुंगी हे गेल्याच्या आठवड्यापासून रोज काहीतरी पाठवत होती. ना नमस्कार, ना चमत्कार, नुसतं काम. मी ठरवलं, लावायचं. एवढं करून थांबले असते तर आज माझी अब्रू शाबूत असती. पण मुंगीचं लावलं आणि बाकीचे ताटकळत बसलेत हे मला बघवेना. दवाखान्याची सवय, आलेल्याला तपासल्याशिवाय परत पाठवायचं नाही. मी सगळ्यांचीच ठिगळं लावून टाकली. बटण दाबत गेले, दाबत गेले. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जिथे जिथे तो प्रोग्राम आहे तिथली यंत्रं आरशात धरल्यासारखी उलटी टिंबं उठवू लागली. तक्रारींचा पाऊस पडला. एका छापखान्याने जाडजूड पुस्तक उलटं छापून ठेवलं आणि ते माझ्या पत्त्यावर पाठवू का, असं विचारलं. बाईंनी एवढंच लिहिलं, “परीक्षा सोमवारी आहे.” मी घाबरून आणखी काही बटणं दाबली. तेवढ्यात मुंगीचं वाक्य उमटलं. पहिलंच.

“वहिनी, आधी कीबोर्डवरचा हात काढा!”

क्षणात ते पुसलं गेलं. पण मी वाचलं होतं. भाऊजी, जगात मला वहिनी म्हणणारा माणूस एकच आहे.

मी हात काढला. मांडीवर ठेवून बसून राहिले. समोर तुम्ही एकेक ठिगळ उसवून देत होतात, खाली ‘आता हे दाबा’ असं परक्यासारखं लिहीत होतात, आणि मी तेवढंच दाबत होते. संध्याकाळपर्यंत टिंबं सुलट झाली. सोमवारी पेपर नीट छापला गेला, शेवटच्या ओळीसकट. बाईंनी कळवलं आहे, की पेपर फार अवघड होता आणि निम्मा वर्ग पुन्हा नापास झाला, पण या वेळी स्वतःच्या चुकीने. त्या खूश आहेत.

तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी का बोलत नव्हतात ते मला ठाऊक आहे. तुमचं मोठं ठिगळ ह्यांनी सगळ्यांसमक्ष परत पाठवलं होतं, ‘आधी शिकून ये’ असं लिहून. मी म्हटलं होतं, अहो, सख्खा भाऊ आहे. म्हणाले, म्हणूनच.

आणि तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. शेवटी त्यांनी तुमचं नाव काढलं का? नाही काढलं. माझंही नाही काढलं. हॉस्पिटलमध्ये शुद्ध होती तेवढा वेळ, सलाईनची सुई चुकीच्या हाताला लावली आहे, असं ते नर्सला सांगत होते. (बरोबर हाताला होती.) गोड काही सांगता आलं असतं. पण तुम्ही ह्यांचे भाऊ, तुम्ही लगेच पुरावा मागितला असता.

हे गेले त्या दिवशी तुम्ही आला नाहीत याचा मला राग आहे. होता असं लिहिणार होते, पण आहे. तरी रोज येणारं ते मुकं काम कशासाठी होतं, एवढं मला ठिगळांतलं काही न कळताही कळतं.

तेव्हा मी असं ठरवलं आहे की महिनाअखेर हे सगळं बंद करावं. माझ्याच्याने होणार नाही. आधी तुमच्या कानावर घालावं म्हणून हा प्रपंच. पूर्वी होता तेवढा तरी लोभ ठेवावा.

तुमची,
वहिनी

ता. क. बंद करण्याचं वर लिहिलं आहे ते खरं नाही. बाईंना मी कालच कळवलं, की यापुढे मुंगी सगळं बघेल. त्यांनी विचारलं, भरवशाचा माणूस आहे ना? मी लिहिलं, काम चोख आहे, फक्त घरी येत नाही.

ता. क. दुसरं. कारभार तुमच्या नावावर करायचा तर पासवर्ड लागतो आणि तो ह्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. सगळं ह्या एकाच कम्प्युटरवर उघडं आहे, म्हणून मी तो बंदच करत नाही. तुम्हाला इथे येऊन बसावं लागेल. फोनवरून सांगाल तर मी मुद्दाम चुकीचं दाबीन. माझी ख्याती तुम्ही पाहिली आहेच.

ता. क. तिसरं. हे गेले तेव्हा तुम्हाला रजा मिळाली नाही, असं मी आईंना सांगितलं होतं. पहिले काही दिवस त्या विचारायच्या, आता विचारत नाहीत. तुम्ही आलात की आधी खूप चिडतील. चिडू द्या. या घरात बरेच दिवस कोणी मोठ्याने बोललेलं नाही.