शुद्धीतला होकार

१३ फेब्रुवारी १९६७, सोमवार

शाळेत गेले. न जाऊन काय सांगणार! पोरं पाढे म्हणत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी.

काल प्रेमलाची हळद होती. माझी चुलतबहीण. आमच्यात हळदीला बायकाही पेला घेतात. दारूबंदी सरकारच्या कागदावर. नवापुरात मांडव पडला की तिला कोण विचारतो! एक पेला ताडी मी दरवेळी घेते. काल कमलाकांतने तीत बाटलीतलं काहीतरी ओतलं. पॉवर हाऊसच्या कामावर एका ठेकेदाराचं स्टोअर सांभाळतो तो, तिथूनच कुठून तरी आणलेली. माझ्यासमोरच ओतलं. "पी गो, परका हाय काय मी?" परका नाहीच. दिवाळीनंतर साखरपुडा झालाय आमचा. प्याले. दुसराही प्याले. कुणी तोंड धरून पाजली नाही. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मला फसवायची.

पुढचं तुटक. ढोल. ओकारी. "चल, वारा लागंल" — हा त्याचा आवाज. मग आमचीच जाळी ठेवायची खोप, सुक्या जाळ्यांचा वास. अंगावर वजन. हात उचलायचा होता — उचललाच गेला नाही! जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. शेजारी कुणी नव्हतं. पातळाच्या निऱ्या दुसऱ्याच कुणीतरी खोचल्या होत्या. मी अशा खोचत नाही.

१४ फेब्रुवारी

काही झालंच नसेल.

झालंय. अंगाला कळतं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा सुटली तर फाटकाशी कमलाकांत, सायकल घेऊन. नेहमीसारखा हसला. मागे वळणार होते. पोरं बघत होती म्हणून चालत राहिले.

विचारलं, त्या दिवशी काय केलंस? तर म्हणे, "मी काय केलं? तू सोताच्या पायानं आलीस. नाय म्हनालीस काय एकदा तरी?" आणि वर, "शिमग्यानंतर व्हायचंच हाय ते. जरा आधी झालं. त्यात रडायचं काय?"

मी काय म्हटलं? म्हटलं, कुणाला सांगू नकोस हां! मी त्याला! विनवणी मी केली! तो म्हणाला, "नाय सांगनार. माझीच हायस ना?" आणि घंटी वाजवत गेला. सबंध वाट स्वतःला शिव्या घालत आले.

१८ फेब्रुवारी

झोप नाही. कुठलंही दार वाजलं की उठून कडी बघते.

पोलिसात जायचं म्हटलं तर पहिला गुन्हा माझाच — प्याले ना! मांडवातल्या सगळ्या बायका अडकतील, प्रेमलाचं नवं घर मोडेल. शाळेतून काढतील ते वेगळंच. बाई दारू पिऊन पडल्या होत्या म्हणे! मग कोण विचारणार पुढे काय झालं ते? पुढचं सगळं त्या दोन पेल्यांतच बुडणार.

आणि पाळी. अजून आली नाही.

२० फेब्रुवारी

नाही आली.

खरंच मी आले असेन का माझ्या पायाने? आठवत नाही तर नाही तरी कसं म्हणू? तो शुद्धीत होता, त्याला सगळं आठवतं. मला काय आठवतं? वास!

२३ फेब्रुवारी, गुरुवार

आली!! मोरीत बसून तोंडात पदर कोंबून रडले. देवाला नारळ बोलले होते, तो द्यायला हवा.

भीती मात्र गेली नाही. जागा बदलून बसली एवढंच. पाच मार्चला कमलाकांतचे लोक तारीख धरायला येणार आहेत. एकदा तारीख धरली, ताडीचं भांडं फिरून शब्द पक्का झाला, की रोजच तो आणि रोजच ती खोप.

२५ फेब्रुवारी, शनिवार

बाची भाकरी द्यायला सकाळी किनाऱ्यावर गेले होते. बा होडीचा तांडेल, सगळे त्याच्या शब्दावर. भरती भरत आलेली, निघायची घाई, आणि बुधा झिंगलेला. बुधा डोंगराकडचा, भात झोडून झालं की आमच्या होडीवर कामाला येतो. "मी येतो तांडेल, मी येतो," करत चिखलातून धडपडत स्वतःच होडीत चढला. बाने त्याला बगलेत धरून खाली उतरवलं, वाळूवर कुशीवर निजवलं, तोंडावर गमछा टाकला आणि एक माणूस कमी घेऊन निघायला लागला.

शेजारच्या होडीवरचा रामनाथ हसायला लागला. "अरे, सोताहून चढला ना तो! हो म्हनतोय ना!"

बा म्हणाला, "तो कुटं चढला त्याला ठावं हाय काय? उद्या शुद्धीत येऊ दे नि सांगू दे."

मी डबा हातात धरून तशीच उभी. पाण्यात उभी आहे हेसुद्धा नंतर कळलं.

२७ फेब्रुवारी

आज बाला विचारलं. वर न बघता, तांदूळ निवडत. म्हटलं, बा, बुधा स्वतःच्या पायाने चढला होता, तरी का उतरवलास?

बा विडी ओढत होता. म्हणाला, "उद्या पान्यात पडला आसता तर त्याच्या बायकोला काय सांगू? तो हो म्हनाला व्हता? प्यालेल्याचा हो आमी धरत नाय. माज्या बापानं बी नाय धरला."

"आणि तो काही बोललाच नसता तर? नुसता पडून असता?"

बाने माझ्याकडे बघितलं. "पडलेल्या मानसाला होडीत घालून नेईल तो तांडेल कसला? चोर तो."

तांदळात खडे दिसेनात मला. उठून मागच्या दारी गेले. बुधा हो म्हणाला तरी तो हो नव्हता. मी तर होही म्हटलं नव्हतं! पंधरा दिवस मी माझा 'नाही' शोधत बसले आहे. आणि त्याने माझा 'हो' कुठे शोधला होता? पेला घेतला तो पेल्याला हो होता. तेवढाच.

पटलं. तरी बाला सांगवत नाही. बुधासाठी बा असा आहे. पोरीसाठी कसा असेल? मारेल. स्वतःचं काही करून घेईल. होडी विकून गाव सोडेल. काय काय मनात येतं.

४ मार्च, शनिवार

उद्या येणार. आज आयला सांगायचं ठरवलं. ती बोंबील वाळत घालत होती. म्हटलं, आय, मला हे लग्न नको.

तिने वर बघितलंच नाही. काठीवर बोंबील अडकवत राहिली. "गप ऱ्हा. चांगला पोर हाय. नोकरीवाला." मी म्हटलं, नको म्हणजे नको! तेव्हा हळूच म्हणाली, "आनि हे बग, कोनी इचारलं तर सांग, मी माज्या पायानं गेले म्हून."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. खोप नाही, कमलाकांत नाही, एक अक्षर नाही!

५ मार्च, रविवार

सगळे बसले होते. बाने भांड्यातून पेले भरले तेव्हा मी बाहेर आले. बोलले: हळदीच्या दिवशी मी शुद्धीत नव्हते, मला कुणी विचारलं नव्हतं, आणि हे लग्न मला नको. कमलाकांत हसला — "सोताच्या पायानं आली ती, तांडेल!"

आतून आय बोलली. "नाय. खांद्यावर टाकून नेलीस तू तिला. पाय लोंबत व्हते तिचे. मी बगितलं."

बाने पेल्यांतली ताडी परत भांड्यात ओतली. माणसं उठून गेली.

आय अजून चुलीपाशी बसली आहे. माझ्याकडे बघत नाही. तिने बघितलं होतं. तेव्हाच.