ओल्या व्हरांड्यातले ब्रेक

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही मला चिखलात बसलेल्याच दिसता.

सातवीत होते मी, आपल्या अंधेरीच्या शाळेत. बाबा विमान चालवायचे. त्या आठवड्यात धो धो पावसात त्यांचं विमान धावपट्टीवर थांबलंच नाही, पुढे जाऊन चिखलात रुतलं. कुणाला खरचटलंही नाही, पण चौकशी लागली आणि बाबा घरी बसले. कुणाशी बोलेनात. आई पुढ्यात चहा ठेवायची, तो तसाच निवायचा. शाळेत मधल्या सुट्टीत एकीने विचारलंच, "काय गं, तुझ्या बाबांना ब्रेक मारता येत नाही का?" सगळ्या हसल्या. मी डबा बंद केला.

तुम्ही मागेच उभ्या होतात. "निकाल द्यायची एवढी घाई कशाला गं?" म्हणालात आणि अख्ख्या वर्गाला पाणी साचलेल्या व्हरांड्यात नेलंत. "पळा, आणि त्या खांबापाशी थांबून दाखवा." आम्ही पळतोय, किंचाळतोय, एकही थांबत नाहीये. मग तुम्ही पदर खोचलात, झिजून गुळगुळीत झालेल्या चपलांनी धावलात आणि खांब ओलांडून थेट बागेतल्या चिखलात बसलात. मुख्याध्यापिका खिडकीतून बघतायत. तुम्ही तिथूनच विचारताय, "आता सांगा, चूक कुणाची? माझी, चपलांची, की पाण्याची?" "वाऱ्याचीपण बाई, मागून ढकलत होता ना!" हे त्या ब्रेकवालीनेच म्हटलं. सगळ्यांत आधी मी हसले.

घरी जाऊन विचारलं, "बाबा, वारा मागून होता का?" त्यांनी वर बघितलं. मग माझी पट्टी टेबलावर आडवी ठेवून बोलायला लागले. ढगांतून धावपट्टी उशिरा दिसली, वारा पाठीशी, चाकं बरीच पुढे टेकली, आणि साचलेल्या पाण्यावर ब्रेक लागेनात. "न उतरता परत वर जायला हवं होतं का, तेच घोळतंय गं डोक्यात." तुमची घसरगुंडी सांगितल्यावर मात्र इतके हसले, की आई हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. पुढे चौकशीतही हेच सगळं निघालं, त्यांच्या निर्णयासकट. पुन्हा थोडं प्रशिक्षण घेऊन ते उडायला लागले.

आता हे पत्र टाकू कुठे? राहू दे माझ्यापाशीच. पण एक सांगते. पावसात विमान उतरायला लागलं, की मी, वैमानिकाची मुलगी, आजही खुर्चीचे हात घट्ट धरते आणि शेजारच्याला सांगते, थंडी वाजतेय हो.