सात वाट्या पाणी

आई,

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतलं ते तिबेटी हॉटेल अजून आहे. तुझ्यासोबत एकदाच गेले होते. तू गेल्यावर मात्र जायला लागले, आणि आता दर गुरुवारी खिडकीजवळचं टेबल माझंच असतं. मी बसायच्या आत मालकीण स्वयंपाकघराकडे ओरडते, "दीदी का थेनथुक, मिर्ची कम!" आपण दोघी आलो तेव्हा ती नवी सून होती, आता तिचेही केस पिकलेत. रस्स्यात तोडून सोडलेले ते मैद्याचे तुकडे पाहून तू म्हणाली होतीस, "हे तं वरणफळं होय वं! बाई वरण टाकाले भुलली काय?" आणि वाडगा पुसून संपवला होतास.

त्या दिवशी कमानिया गेटजवळच्या दुकानातून तुझा नवा चष्मा घेऊन आपण आलो होतो. तू दिसेल ते वाचत होतीस. दुकानांच्या पाट्या, मेनू, भिंतीवरचं कॅलेंडर. आपल्या टेबलाशेजारच्या फळीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापुढे पाण्याने भरलेल्या पितळेच्या सात वाट्या. तू चपला काढून हात जोडलेस आणि मालकिणीला विचारलंस, "बेटी, सिर्फ पानी काहे?"

"पानी तो सबको मिलता है ना, आमा. गरीब भी चढ़ा सकता है."

तू खळखळून हसलीस. "सबको? हमारे गाँव के कुएँ पे जाके पूछ!"

पलीकडच्या टेबलावर कॉन्व्हेंटातल्या माझ्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. तू लहानपणी विहिरीपासून लांब घागर धरून उभी राहायचीस, कुणी वरून ओतलं तरच पाणी, हे मी शाळेत कधीच कुणाला कळू दिलं नव्हतं. मी टेबलाखालून तुझा हात दाबला. "आई, हळू. लोक ऐकून राहिले." तू माझ्याकडे पाहिलंस, चष्मा काढून डबीत ठेवलास आणि म्हणालीस, "बरं." घरी जाताना रिक्षात तू एकही पाटी वाचली नाहीस.

या गुरुवारी मी हॉटेल उघडतानाच पोचले. मालकिणीच्या मनगटाला पट्टी. "दीदी, आज कटोरियाँ आप भर दो. दो के बीच में जौ के एक दाने जितनी जगह, बस." मी भरत होते, ती दुसऱ्या हाताने तांब्याला खालून आधार देत होती. मधेच म्हणाली, "आमा उस दिन इतना हँसी काहे थीं? मैं आज तक सोचती हूँ."

मी सांगितलं. विहीर, घागर, उंचावरून पडणारं पाणी, आणि टेबलाखाली दाबलेला तुझा हातही.

तिने तांब्या खाली ठेवला. "फिर तो मैं ही गलत बोली थी, दीदी."

"नाही गं, मी," असं मी मराठीतच म्हणाले. तिला कळलं असावं, कारण त्या दिवशी तिने थेनथुकचे दोन वाडगे आणले, आणि दुसरा घेऊन माझ्यासमोर बसली.

हा कागद घडी करून तुझ्या चष्म्याच्या डबीत ठेवते आहे. एक मात्र लिहायचं राहिलं. तिला सांगायला तोंड उघडण्याआधी, कुणी ऐकायला आहे का म्हणून, मी पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं होतं.

ते रिकामं होतं, आई.